दहा जणांच्या कुटुंबासाठी क्रूझच्या केबिन

आजी-आजोबा, दोन जोडपी आणि चार लहान मुले असे तुम्ही दहा जण प्रथमच मुंबईहून क्रूझने निघणार आहात, म्हणून केबिन ठरवण्यापूर्वी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. चौघांची केबिन म्हणजे बहुतेकदा खाली दोघांचा पलंग आणि भिंतीतून किंवा छतातून उघडणारे दोन बर्थ. त्यांची उभी शिडी चार वर्षांच्या मुलाने झोपेच्या भरात उतरावी अशी नसते. आमच्या पहिल्या प्रवासात धाकट्या नातवाला वरून खाली घ्यावे लागले आणि पलंगावर जागा न उरल्याने मी सोलापुरी चादर अंथरून जमिनीवर झोपलो.

म्हणून प्रत्येक जोडप्यासाठी आतल्या दाराने जोडलेल्या दोन केबिनच मागाव्यात, म्हणजे मुलांना वरच्या बर्थवर झोपवावे लागणार नाही. नुसत्या शेजारच्या केबिनला असे दार नसते, तेव्हा क्रमांक डेकच्या, म्हणजे जहाजाच्या मजल्याच्या, नकाशावर स्वतः पडताळून घ्या. तान्हे बाळही सहसा केबिनमधल्या माणसांच्या कमाल संख्येत मोजले जाते. आजी-आजोबांना जहाजाच्या मध्यभागी, खालच्या डेकवर, लिफ्टजवळ ठेवावे. तेथे हेलकावे कमी जाणवतात. मुले लहान असेपर्यंत बाल्कनीचा मोह आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरून त्याच दिवशी जहाजावर चढणार असाल, तर केबिन आणि मोठे सामान हाती येण्यास बराच वेळ लागतो, हे ध्यानात घेऊन मुलांचे कपडे व औषधे हातातल्या पिशवीतच ठेवा.