वीगन झाल्यावर आईच्या हातची कढी, श्रीखंड, तूप-वरणभात यांची फार आठवण येते. घरी करता येतील का?

तुम्ही लिहिलंय की दूधदुभतं सोडून आठ महिने झाले आणि एरवी काही अडत नाही. पण पाऊस लागला की कढीभात आठवतो, पाडव्याला श्रीखंड आठवतं, आणि बाजारातून सोया दही आणून केलेली कढी शेवटी मोरीत ओतावी लागली. वाचताना मला 2018 च्या आषाढातली माझी संध्याकाळ आठवली. माझीही पहिली कढी मोरीतच गेली होती, आणि नंतर मी बराच वेळ ओट्याशी नुसती उभी होते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. गोठा होता, रोज ताक घुसळलं जायचं, लोण्याचा गोळा रवीवरून निघताना बघत मी मोठी झाले. सोडायची कारणं तुमची तुम्हाला माहीत, माझी मला, त्यात शिरत नाही. एवढंच सांगते की आठवण येणं म्हणजे निश्चय कच्चा असणं नव्हे. मला पहिलं वर्षभर याचाच अपराधी भाव वाटायचा, तो तुम्ही बाळगू नका.

पहिली गोष्ट, पदार्थ करायला घेण्याआधी त्यातलं नेमकं काय आठवतंय ते शोधा. कढीचं म्हणाल तर मला आठवतो तो आंबटपणा, आल्याचा घशाला लागणारा तिखटपणा, जिऱ्याची फोडणी आणि वाटी तोंडाला लावून प्यावी असा पातळपणा. यात दुधाची चव अशी कुठेच नाही. ताकापर्यंत येता येता ती आंबटाखाली दबलेली असते. म्हणून कढी जमते, अगदी घरच्यासारखी जमते. उलट खरवसात आठवतं ते चिकाचं दूधच. त्याच्या वाफेवर धरलेल्या वड्यांचा रवाळपणा चिकातल्या प्रथिनांचा असतो. नारळाचा रस, गूळ आणि चायना ग्रास घालून मी तीनदा करून पाहिला. वड्या सुंदर झाल्या, जायफळ-वेलची घालून आवडीने खाल्ल्या, पण त्याला खरवस म्हणायला माझी जीभ वळली नाही. तो नाद मी सोडला.

आता तुमची कढी का बिघडली असेल ते बघू. बाजारातल्या पुष्कळशा डब्यांत थोडी साखर किंवा व्हॅनिला असतो, आणि आंबटपणा बेताचाच. कढीला चांगलं दोन दिवसांचं आंबट दही लागतं. मी आधी नारळाच्या दुधाचं दही करून पाहिलं, तर गरम झाल्यावर तेल वर आलं आणि वास सोलकढीचा. ओटच्या दुधाला विरजण लागलं, पण ते दह्यासारखं बसलंच नाही, आणि तापवल्यावर कागद चिकटवायची खळ झाली. त्याचं कारण साधं आहे. दही लागतं म्हणजे आंबटपणामुळे प्रथिनं गोठतात. ओटमध्ये तेवढी प्रथिनं नाहीत, नारळात तर मुख्यतः स्निग्धांश. सोयाबीन आणि शेंगदाणा या दोघांत मात्र भरपूर आहेत. कढीसाठी माझं मत ठामपणे शेंगदाण्याला.

एक वाटी कच्चे शेंगदाणे रात्रभर भिजवा. सकाळी सालं काढा, सगळी काढा, कंटाळा करू नका, कारण साल राहिलं की रंग गुलाबट येतो आणि चव तुरट. तीन वाट्या पाणी थोडं थोडं घालत मिक्सरवर अगदी गंधासारखं वाटा आणि पंचातून पिळून घ्या. हे दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर उकळी येईपर्यंत सतत ढवळत राहा, बुडाला फार पटकन लागतं. उकळी आल्यावर आणखी पाचेक मिनिटं ठेवलंत की कच्चट वास जातो. मग बोट बुडवून सोसवेल इतकं कोमट होऊ द्या.

विरजण कुठून आणायचं हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. हिरव्या मिरच्यांची देठं घ्या, पाच-सहा, टोपीसकट. दही आंबवणारे जीवाणू त्या देठांवर असतातच. देठं दुधात बुडवून भांडं झाका आणि उबेला ठेवा. पुण्यात उन्हाळ्यात सात-आठ तास पुरतात, थंडीत मी भांडं शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवते, तरी बारा तास लागतात. पहिल्या खेपेचं दही पातळ होईल आणि मिरचीचा वास येईल. टाकू नका आणि निराशही होऊ नका. त्यातलं चमचाभर दुसऱ्या खेपेला विरजण म्हणून वापरा, दुसऱ्यातलं तिसऱ्याला. तिसऱ्या दह्याला वास राहत नाही आणि ते नीट बसतं. फक्त बुरशी धरली किंवा रंग बदलला, तर मात्र सरळ टाकून द्या.

कढीसाठी हे दही फ्रिजबाहेर आणखी अर्धा दिवस आंबू द्या. वाटीभर दह्याला दीड वाटी पाणी आणि एक लहान चमचा बेसन, जास्त नको, कारण शेंगदाण्याला स्वतःचा दाटपणा असतो. आलं आणि हिरवी मिरची ठेचून, मीठ, चिमूटभर साखर. रवीने घुसळून मंद आचेवर ठेवा, ढवळत राहा, कडेला बारीक बुडबुडे यायला लागले की उतरवा. खळाखळा उकळली की चोथा-पाणी वेगळं होतं. फोडणी वरून द्यायची, शेंगदाण्याच्या तेलात जिरं, चार मेथीदाणे, हिंग आणि हाताने चुरगळलेला कढीपत्ता. वर कोथिंबीर.

पहिल्यांदा जमली तेव्हा आई पुण्याला आली होती. मी काही न सांगता वाटी पुढे केली. तिने प्यायली, थांबली, म्हणाली, "आंबट कमी आहे गो, एक दिवस बाहेर ठेवायचं होतंस." बस, एवढंच. दही कशाचं आहे हे तिने विचारलंच नाही. मी आत जाऊन डोळे पुसून आले. आता गावाला गेले की तीच माझ्यासाठी दाणे भिजत घालते.

श्रीखंडाला मात्र शेंगदाणा चालत नाही, त्याची चव साखरेत उघडी पडते. तिथे सोयाबीन. सोयाचा तो शेंगाळ वास घालवायची युक्ती अशी, की भिजवून सोललेले दाणे थंड वाटायचे नाहीत. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाकायचे आणि गरम पाण्यानेच वाटायचे. वाटताना जे एन्झाइम तो वास तयार करतं, ते उष्णतेने निकामी होतं. गाळलेलं दूध पुढे पंधरा मिनिटं नीट उकळा, सोया कच्चं पोटाला बाधतं. दही लावा, पंचात बांधून रात्रभर टांगा. सकाळी जो चक्का मिळेल तो चवीला बरा पण कोरडा असतो, त्यात सायीचा गुळगुळीतपणा नसतो. म्हणून चार तास भिजवलेले काजू कमीत कमी पाण्यात लोण्यासारखे वाटून चक्क्याच्या निम्म्याने घाला. पिठीसाखर चाखत चाखत घाला, काजूचा स्वतःचा गोडवा असतो, नेहमीपेक्षा कमी लागते. मग, आणि हे कृपा करून टाळू नका, पुरणयंत्रातून काढा. मिक्सरमधून फिरवलेलं श्रीखंड पातळ पडतं. चमचाभर गरम सोया दुधात खललेलं केशर, वेलची, जायफळ. शेवटी लिंबाचे चार थेंब, कारण श्रीखंडाला मागे आंबट लागलं नाही तर ती नुसती गोड लापशी. फ्रिजमध्ये सहा तास मुरू द्या. गेले पाच पाडवे आमच्याकडे हेच असतं आणि पुऱ्या कमी पडतात.

तुपाबद्दल तुम्हाला खरं ते सांगते. साजूक तुपाचा वास मला अजून सापडलेला नाही. तो लोणी कढताना तळाला बेरी तांबूस होते तिच्यात असतो, आणि बेरी दुधाचीच. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे, वास नसलेलं रिफाइंड खोबरेल चार चमचे तापवून त्यात चमचाभर बेसन आणि कढीपत्त्याची दहा पानं मंद आचेवर परतायची. बेसनाचा खमंग वास सुटला की बारीक गाळणीने गाळून घ्यायचं. वरणभातावर हे घालून बघा. तूप नव्हे, पण घास गिळताना जे पोरकं वाटतं ना, तेवढं वाटत नाही. बेसनाचे लाडूही खोबरेलात होतात, फक्त दिवाळीत करा. खोबरेल साधारण 24 अंशांच्या वर वितळतं, त्यामुळे थंडीत लाडू छान वळले जातात आणि एप्रिलमध्ये बसकण मारतात.

पण माझ्या मनातलं खरं उत्तर वेगळंच आहे. आपण तुपाची जागा भरायला जातो, आणि तूप नसलेलं आपलंच जेवण विसरतो. मेतकूट-भातावर कच्चं तेल घालून माझ्या आज्या-पणज्या जेवल्या, घाटावर भाकरी आणि जवसाच्या चटणीवर तेलच घेतात, सोलापूरकडे त्यासाठी करडईचं तेल असतं. पुरणपोळीबरोबर कोकणात आणि गोव्यात नारळाचा गूळ-वेलची घातलेला रस घेतात, आणि पुरणात तर डाळ आणि गूळच. कटाची आमटी आहेच. शिरवाळे रसात बुडवून, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, फणसाची सांदणं, काकडीचं धोंडस, गोव्याचं मणगणं आणि दोदोल, यातलं काहीच तुम्हाला बदलावं लागत नाही. फक्त करणाऱ्याला वरून तूप सोडू नका असं सांगायचं. मोदक मी फोडून त्यावर नारळाचा पहिला, जाड रस घालते. आता मला तेच आवडतं, तूप पुढे ठेवलं तरी.

नारळाच्या रसाचं एक ध्यानात ठेवा. खवलेल्या खोबऱ्यात कोमट पाणी घालून वाटून पिळलेला पहिला रस जाड, दुसरा पातळ. शिजवायला पातळ घ्या, जाड रस आच बंद करून शेवटी घाला, नाहीतर फुटतो.

तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय की माशांचीही आठवण येते. आमच्याकडे श्रावणात मासे बंद व्हायचे तेव्हाचं ताट आठवा, उत्तर तिथेच आहे. सुरणाची नाहीतर नीरफणसाची कापं हळद, तिखट, मीठ आणि आगळ (कोकमाचा आंबट रस) लावून मुरवायची, तांदळाच्या पिठात रवा मिसळून त्यात घोळवायची आणि तव्यावर कमी तेलात कुरकुरीत करायची. बांगड्याच्या आमटीत आपण ज्याला माशाचा वास समजतो त्यातला बराचसा तिरफळांचा असतो. त्याच वाटणात शेवग्याच्या शेंगा किंवा अळंबी टाकून, तिरफळं ठेचून घालून बघा. आणि वड्यांबरोबर कोंबडीच्या जागी काळ्या वाटाण्याची उसळ ही मालवणी घरांतली जुनीच जोडी आहे.

चहा राहिला. सोयाचं दूध उकळत्या आल्याच्या चहात ओतलं की फाटतं. चहा कोराच उकळून गाळा, मिनिटभर निवू द्या, दूध वेगळं कोमट करा आणि चहा दुधात हळूहळू ओता, उलट नाही. गूळ घालायचा असेल तर शेवटी कपात. ओटचं दूध कमी फाटतं.

विकतचं घेताना पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका, तो शाकाहाराचा, त्यात दूध चालतं. नारळवडीत, ब्रेडमध्ये, फरसाणाच्या मसाल्यातही दुधाची पावडर निघते, त्यामुळे घटक वाचा. 2022 मध्ये एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, वीगन पदार्थांचे नियम आले, त्यांचं वेगळं चिन्ह काही पाकिटांवर दिसतं. आणि दही घरी लागायला लागलं म्हणून बी-12 ची गोळी बंद करू नका, या दह्यांतून ते मिळत नाही. डॉक्टरांना विचारून घेत असाल तर चालू ठेवा, नसाल तर तपासून घ्या. कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी आणि तीळ ताटात असू द्या.

सुरुवात शेंगदाण्याच्या दह्यापासून करा, शुक्रवारी रात्री दाणे भिजवलेत तर रविवारी पहिलं दही हातात येईल. तिसऱ्या खेपेपर्यंत कढी करू नका, एवढं माझं ऐका. तोवर आईंना फोन करून विचारून ठेवा की फोडणीत मेथी असायची की लवंग, आलं ठेचून की किसून, गूळ की साखर, कढी आधी हळदीची पिवळी व्हायची की पांढरीच राहायची. प्रत्येक घराची कढी वेगळी असते, आणि तुमची कोणती ते मला इथून सांगता येणार नाही.