डिटेक्टिव्ह गेममध्ये लेव्हल कधी वाढवायची?

अरे घाई नको करू, केस सुटली म्हणजे लेव्हल जमली असं नसतं. आरोपीचं नाव देण्याआधी स्वतःला विचार, कोणी केलं, कसं केलं आणि बाकीचे का नाहीत, हे हिंट न घेता सांगता येतंय का? सलग तीन केसमध्ये जमलं की बिनधास्त वर जा.

सुरुवातीच्या चुका दोनच:
- सगळे पर्याय दाबून बघणं. 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (2018) मध्ये म्हणूनच तीन जणांचं काय झालं हे बरोबर आल्याशिवाय गेम उत्तर पक्कं करत नाही
- नोंदी न ठेवणं, कोण कुठे होता एवढं तरी लिहीच

वर गेल्यावर अडकलास तर परत खाली ये, त्यात कमीपणा काही नाही, मी अजूनही येतो.