बोचकं सोडा, पण फरशीवर नको

प्रश्न : काकू, दोन वर्षांच्या ब्लाऊजच्या, ड्रेसच्या उरलेल्या तुकड्यांचं मोठं बोचकं माळ्यावर पडून आहे. नणंदेला कार्तिकात बाळ व्हायचंय. तिच्यासाठी या तुकड्यांचं दुपटं शिवावं असं फार मनात आहे. आजेसासूबाईंचं एक जुनं नऊवारी लुगडंही जपून ठेवलंय. पण आमच्याकडे गौरी असतात, घर दोन खोल्यांचं, पाहुणे आठवडाभर आधीच येतात. रविवारी बोचकं उघडलं, हॉलभर तुकडे पसरले, तेवढ्यात पाहुणे आले आणि सगळं परत कोंबून ठेवलं. या धावपळीत हे होईल का, की विचारच सोडून देऊ?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अगं, विचार अजिबात सोडू नकोस. तुझी चूक एवढीच झाली की तू फरशीवर करायचं काम आधी काढलंस. वाकळ असो (आमच्या कऱ्हाडकडे गोधडीला वाकळच म्हणतात) की बाळाचं दुपटं, त्यात दोन तऱ्हेची कामं असतात. एक मांडीवरचं, दुसरं जमिनीवरचं. तुकडे निवडायचे, फाडायचे, जोडायचे हे मांडीवर होतं. थर अंथरून, ताणून, कच्चे टाके घालायला मोकळी जमीन लागते. गौरीच्या आठवड्यात तुझ्या घरात जमीन नाही, मांडी आहे. तेव्हा आत्ता फक्त मांडीवरचं काम कर.

हा अंक तुझ्या हाती येईल तेव्हा गौरी चार-पाच दिवसांवर आल्या असतील. मी चौतीस वर्षं घरी ब्लाऊज शिवले. गौरीच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्या दारात बायकांची रांग. रात्री अकरापर्यंत मशीन चालायचं, आणि घरात माझ्याही गौरी बसायच्याच. तरी त्या आठवड्यातच माझ्या गोधडीच्या सगळ्यात जास्त पट्ट्या जोडून झालेल्या असायच्या. मशीनखाली एक रिकामा डालड्याचा डबा ठेवलेला असे. बेतताना पडलेला तुकडा चार बोटांपेक्षा मोठा असेल तर डब्यात, लहान असेल तर केरात. पुरणाची डाळ शिजत लागली की मी डबा मांडीवर घ्यायची. डाळ बोटाने चेपली जाईपर्यंत एक पट्टी होई.

आता पहिल्या संध्याकाळी काय करायचं ते सांगते. बोचकं पलंगावरच सोड, आणि सगळं पसरू नकोस, हात घालून एकेक तुकडा काढ. तीन पिशव्या कर. सुती एका पिशवीत. जॉर्जेट, टेरिकॉट, चकाकणारं अस्तर दुसऱ्या. खण, ब्रोकेड, जरीचं तिसऱ्या. कळलं नाही तर तुकड्याच्या कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धर आणि मोरीजवळ काडीने पेटव. सुती धागा कागदासारखा वास सोडतो आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर आक्रसतं आणि त्याचा कडक मणी होतो. बाळाच्या दुपट्यात फक्त पहिली पिशवी जाईल. पॉलिएस्टर घाम शोषत नाही आणि जरीचे धागे कोवळ्या कातडीला टोचतात. खण कितीही सुंदर असला तरी तो मोठ्यांच्या कामासाठी ठेव.

सुती तुकडे शिवण्याआधी भिजव, हे मी हात जोडून सांगते. एकदा भाचीच्या बाळासाठी दुपटं करताना घाईत लाल रंगाचा तुकडा न धुता घातला होता. पहिल्या धुण्यात त्याचा रंग शेजारच्या पांढऱ्या धोतराच्या पट्टीवर उतरला, आणि ते गुलाबी डाग शेवटपर्यंत गेले नाहीत. आजही ते दुपटं बघितलं की माझा जीव चुकचुकतो. म्हणून सगळे तुकडे एका जुन्या उशीच्या अभ्र्यात भर, तोंडाला गाठ मार आणि तसाच अभ्रा भिजव. नुसते बादलीत टाकलेस तर कडांचे धागे सुटून एकमेकांत अडकतात आणि मग सोडवत बसावं लागतं. वाळल्यावर गडद तुकड्यावर ओला पांढरा रुमाल घास. रुमालाला रंग लागला तर तो तुकडा बाजूला काढ, कितीही आवडता असो.

मग फाडणं. मोजपट्टी, खडू काही नको. तुकड्याच्या कडेला तीन-तीन इंचांवर कात्रीने फक्त छोटी चीर दे आणि दोन्ही हातांनी फाड. सुती कापड धाग्याच्या रेषेतच फाटतं, त्यामुळे पट्टी आपोआप सरळ येते. दहा-बारा वर्षांच्या पोरांना हे काम दे, त्यांना तो टरटर आवाज फार आवडतो. फाटलेली कड जराशी मुरडते, दोन-चार धागे सुटतात. म्हणून जोडताना अर्धा इंच आत धर.

हिशोब असा आहे. दुपटं ३६ इंच लांब, ३६ इंच रुंद. तीन इंची पट्टीचे दोन्ही बाजूंचे अर्धे-अर्धे इंच शिवणीत गेले की दोन इंच दिसतात. म्हणजे १८ पट्ट्या लागतील, प्रत्येक ३७ इंच लांब. सगळ्या एकापुढे एक ठेवल्या तर जवळजवळ दोन नऊवारी लुगड्यांची लांबी भरते, पण घाबरू नकोस. एक पट्टी म्हणजे पाच-सहा तुकडे, चार-पाच जोड. तीन इंचांचा जोड हाताने घालायला दोन-तीन मिनिटं लागतात. धावदोरा घाल आणि दर चौथा टाका उलटा घे, म्हणजे जोड उसवत नाही. रोज दोन पट्ट्या धरल्यास तर आठवड्यात चौदा होतात. मशीन काढायची गरजच नाही. गौरीच्या घरात ते ठेवायचं कुठे हाच प्रश्न असतो.

रंगांची जुळवाजुळव करत बसू नकोस. पट्टीत शेजारी-शेजारी एकाच कापडाचे दोन तुकडे येऊ देऊ नकोस, बस. मात्र दर पट्टीत एक तुकडा फिका घे, पांढरा किंवा पिवळसर. पुढे सगळ्या पट्ट्या जोडल्या की ते फिके तुकडे आकाशात चांदण्या विखुराव्यात तसे इकडे-तिकडे दिसतात आणि गडद रंग अंगावर येत नाहीत.

आणि सुई. घरात पाहुण्यांची मुलं असतील. सुई साबणाच्या वडीत खोचून डब्यात ठेव. तिथे ती सापडतेही आणि बुळबुळीत होऊन कापडातून सरसर जाते. टाचण्या वीस काढल्या तर वीस मोजून परत ठेव. हे दुपटं तान्ह्या बाळाखाली जाणार आहे.

विसर्जन झालं, पाहुणे गेले की पुढचं काम. सासूबाई म्हणतील की पितृपंधरवड्यात नवीन काही सुरू करू नये. त्यांना सांग, सुरुवात कधीच झाली आहे. शिवाय आमच्याकडे घटस्थापनेच्या आधी दसरा काढतात. घरातली भांडी, अंथरुणं, सगळं बाहेर निघतं. वाकळा बैलगाडीत घालून कृष्णा-कोयनेच्या संगमावर धुवायला न्यायचो आणि खडकावर वाळत घालायचो, ते मला अजून आठवतं. तुझ्याकडे नदी नसली तरी दसऱ्याच्या झाडलोटीत एक दिवस हॉल रिकामा होईलच. तोच तुझा जमिनीवरचा दिवस.

त्या दिवशी आजेसासूबाईंच्या लुगड्याचा धड भाग ३८ इंचांचा काप आणि खाली अंथर. ही बाळाच्या अंगाची बाजू, यात एकही जोड नको. त्यावर लुगड्याचाच दुसरा थर. विरलेला भाग असला तरी चालेल, तो मध्ये जातो. वर जोडलेल्या पट्ट्या, इस्त्री फिरवून. चारी बाजू तळहाताने मध्यापासून कडेकडे सपाट करत जा. मोठे कच्चे टाके घाल, कडा आत दुमड आणि मग पुन्हा मांडीवर घेऊन बस. दोरा हातभरच घे, लांब घेतलास तर गुंता होतो. कडेपासून आत, चौकोनात चौकोन असा धावदोरा घालत मध्यावर ये. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. सुईवर तीन-चार टाके भरले की ओढ, पण आवळू नकोस. आवळलं की दुपटं चुण्या घेतं.

एक हौसेची गोष्ट. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात मूळच्या आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक राहतात. त्यांच्या बायका कौदी, म्हणजे गोधडी शिवतात, तीही अशीच कडेपासून आत. तिच्या चारी कोपऱ्यांवर त्या कापडाच्या घड्या घालून केलेली लहान तिकोनी फुलं लावतात. फुलांशिवाय कौदी उघडी दिसते असं त्या मानतात. तुझ्या दुपट्याला मऊ सुती काठाची चार फुलं लाव. घट्ट शिव, बाळ ती तोंडात घालणारच. बाळ यायच्या आधी नवं काही शिवायचं नाही असं तुमच्यात असलं तरी वापरलेल्या लुगड्याच्या दुपट्याला मी तरी कुणी हरकत घेतलेली बघितली नाही. उलट चारदा धुतलेलं कापडच बाळाला आधी घालतात.

प्रश्न : माझं शिवणकामाचं दुकान आहे. अस्तराचे आणि टेरिकॉटचे तुकडे पोत्याने निघतात. त्यांची गोधडी केली तर चालेल का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : पांघरायची नको. लातूरच्या उन्हाळ्यात ती अंगाला चिकटेल. त्यांच्या लांब पट्ट्या कापा, तिपेडी वेणी घाला आणि वेणी गोल गुंडाळत शिवून पायपुसणी करा, ती वर्षानुवर्षं टिकतात. बारीक कातरण उशीत, लोडात भरा. मात्र या कापडाचं गरम भांडी उचलायचं फडकं कधीच करू नका, कुणी मागितलं तरी. ते आचेने वितळतं आणि वितळलेलं हाताला चिकटतं. त्यासाठी जाड सुतीच हवं.

प्रश्न : माझ्या पत्नीने १९८८ साली शिवलेली गोधडी मी रोज पांघरतो. ती जाऊन तीन वर्षं झाली. गोधडी आता मधोमध फाटली आहे. मुलगी म्हणते, जपून कपाटात ठेवा. मला पांघरायला हवी आहे. मला बटण लावता येतं, बाकी शिवण येत नाही. तिच्या काही साड्या घरात आहेत.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : दादा, पांघरा. गोधडी अंगावर राहावी म्हणूनच त्यांनी शिवली. आणि बटण लावता येतं तर ठिगळही लावता येईल, हात तोच आहे.

आधी जुनं काहीही उसवू नका. फाटलेल्या कापडाचे लोंबणारे धागे कात्रीने काढावेसे वाटतील, तेही राहू द्या, ते ठिगळाखाली जातील. साड्यांमधली सगळ्यात जास्त नेसलेली, धुऊन-धुऊन मऊ झालेली सुती साडी निवडा. नवं, करकरीत कापड घेऊ नका. ते जुन्या कापडापेक्षा ताकदीचं असतं, ओढ बसली की ठिगळ टिकतं आणि त्याच्या कडेने गोधडी फाटते. साडी कापायला हात धजावणार नाही हे मला ठाऊक आहे. पदराला हात लावू नका. निऱ्यांच्या आतला, खोचण्याचा भाग घ्या. तो कधी कुणाला दिसला नाही, पण रोज त्यांच्या अंगाशी होता.

फाटलेल्या जागेपेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन बोटं मोठा चौकोन कापा. एक बोट कड आत दुमडून इस्त्री करा. गोधडी टेबलावर किंवा जमिनीवर सपाट अंथरा, मांडीवर घेऊन ठिगळ लावू नका, तिरकं बसतं. चार कोपऱ्यांना टाचण्या, आणि मग कडेकडेने टाके. सगळे थर सुईत आले पाहिजेत. डावा हात गोधडीखाली ठेवा, सुईचं टोक बोटाला लागलं की टाका आरपार गेला असं समजा. अंगुस्तान असेल तर उजव्या मधल्या बोटात घाला, नाहीतर जाड कापडात सुई रेटून बोट दुखतं. टाके वाकडे आले तरी येऊ द्या. कडेचे झाले की मधेही बोटभर अंतराने ओळी घाला, त्यांच्या ओळी ज्या दिशेने गेल्या आहेत त्याच दिशेने. ठिगळाच्या बाहेर त्यांचे टाके दिसतात, त्यांना धरून तुमची सुई चालवा.

मशीनमध्ये धुऊ नका. मोठ्या टबात भिजवून हाताने दाबा, पिळू नका. ओली गोधडी फार जड होते, एका टोकाने उचलली तर स्वतःच्या वजनाने फाटते. खाली चादर घालून मुलीच्या मदतीने चादरीसकट उचला आणि सावलीत आडवी वाळवा.

आणखी एक. आपल्याकडच्या बहुतेक गोधड्या कडेपासून शिवत मध्यावर संपतात. तुमची मधोमध फाटली आहे म्हणता, तर त्यांचा शेवटचा टाका तिथेच कुठेतरी असेल. ठिगळ ठेवण्याआधी बोटांनी चाचपून बघा, दोऱ्याची गाठ हाताला लागेल. ती कापू नका. आहे तशीच ठिगळाखाली ठेवा.