बायकांनी मंडळीत गप्प बसावं, असं बायबल खरंच सांगतं का?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही मूळचे नगरकडचे, आता वास्कोत स्थायिक, कॅथलिक आहोत. मुलगी कॉलेजला आहे, रविवारच्या मिस्साला वाचन करते. परवा आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपमध्ये तिने एका उताऱ्यावर चार शब्द सांगितले तर एक ज्येष्ठ काका सगळ्यांसमोर म्हणाले, स्त्रियांनी मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभेत, गप्प राहावं असं प्रेषित पौलाने लिहून ठेवलंय. घरी येऊन विचारते, आई मी वाचन पण सोडू का? तिला काय सांगू? (एक वाचक, वास्को)

उत्तर: ताई, आधी तिला सांगा की वाचन अजिबात सोडायचं नाही.

काका म्हणाले ते वचन आहे, पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, अध्याय 14, वचन 34. पण त्याच पत्राचा 11 वा अध्याय उघडा, तिथे पौल म्हणतो की बाई प्रार्थना करताना किंवा देवाकडून आलेला संदेश देताना तिचं डोकं झाकलेलं असावं. म्हणजे करिंथच्या मंडळीत बायका मोठ्याने प्रार्थना करत होत्या, संदेश देत होत्या आणि पौलाचं म्हणणं फक्त पदराबद्दल होतं, बोलण्याबद्दल नाही! आणि 14 वा अध्याय पूर्ण वाचला तर कळतं की तिथे उपासनेत सगळे एकदम बोलत होते, नुसता गोंधळ, म्हणून पौल तिघांना गप्प राहायला सांगतो, अन्य भाषेत बोलणाऱ्याला अर्थ सांगणारा कोणी नसेल तर, संदेश देणाऱ्याला दुसऱ्याला काही प्रकट झालं तर, आणि मग बायकांना. पहिल्या दोघांचं वचन काढून कुणा पुरुषाला कोणी कायमचं गप्प बसवलेलं मी तरी पाहिलं नाही. काही जुन्या हस्तलिखितांत तर ही बायकांबद्दलची वाक्यं अध्यायाच्या शेवटी येतात, त्यामुळे ती मागाहून घातली असावीत असं काही अभ्यासक मानतात.

पौलाचा सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं 2:12 मात्र जास्त कडक आहे, बाईने शिकवू नये असं सरळ आहे आणि मी ते गोड करून सांगणार नाही. ते पत्र इफिसच्या मंडळीसाठी होतं, तिथे खोटी शिकवण पसरत होती हे पहिल्याच अध्यायात येतं, आणि बरेच अभ्यासक म्हणतात की ते पौलाच्या नंतर त्याच्या एखाद्या शिष्याने लिहिलं.

आता दुसरी बाजू बघा. रोमकरांच्या पत्राचा 16 वा अध्याय लोक नुसती नावांची यादी म्हणून सोडून देतात, मला तो फार आवडतो! पहिलंच नाव फिबीचं, किंख्रियाच्या मंडळीची सेविका, पौल तिची शिफारस करतो. मग प्रिस्किल्ला, जिने नवऱ्याबरोबर अपुल्लोससारख्या विद्वानाला घरी नेऊन देवाचा मार्ग नीट समजावून दिला (प्रेषितांची कृत्ये 18). मग यूनिया, प्रेषितांमध्ये नामांकित. त्याही आधी, जुन्या करारात, मंदिरात नियमशास्त्राचं पुस्तक सापडलं तेव्हा योशीया राजाची माणसं विचारायला गेली ती हुल्दा नावाच्या संदेष्ट्रीकडे. आणि पुनरुत्थानाची बातमी येशूने शिष्यांना सांगायला पाठवली ती मरीया मग्दालीयेला, तिचा 22 जुलैचा दिवस 2016 साली पोप फ्रान्सिस यांनी प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीला आणला.

काकांचं म्हणणं आणि चर्चचा नियम यांची गल्लत मात्र करू नका. आपल्या कॅथलिक चर्चमध्ये बाई फादर होऊ शकत नाही, 1994 च्या पत्रात पोप जॉन पॉल दुसरे यांनी ते पक्कं केलं, पण त्याचा मुख्य आधार येशूने निवडलेले बारा पुरुष आणि तिथून चालत आलेली परंपरा हा आहे. 1976 च्या व्हॅटिकनच्या पत्रकातही म्हटलंय की बायकांनी सभेत संदेश द्यायला पौलाचा विरोध नव्हता, मनाई होती ती शिकवण्याच्या अधिकृत कामाला. आणि 2021 पासून तर वाचकाची अधिकृत नेमणूक बायकांनाही देता येते. म्हणजे तुमची मुलगी चर्चच्या नियमातच आहे. मला स्वतःला बाईने फादर होण्याच्या प्रश्नावर अजून खूप बोलणं व्हायला हवं असं वाटतं, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) सारख्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये बायका पाळक आहेतच, पण तो वेगळा विषय.

आपल्या गोव्यात तर संध्याकाळी घरोघर तेर्स (रोझरीची प्रार्थना) सांगतात त्या बहुतेक आई नाहीतर आजीच, मुलं पहिली प्रार्थना त्यांच्याच तोंडून शिकतात. आणि तिला पंडिता रमाबाईंबद्दल नक्की सांगा, त्यांनी केडगावला राहून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, आयुष्याची शेवटची वर्षं त्यातच घातली, 1922 मध्ये गेल्या.

काकांशी भांडू नका, मोठे आहेत. पण पुढच्या ग्रुपला तुम्ही स्वतः सुचवा की करिंथकरांचं 11 आणि 14 दोन्ही अध्याय सगळ्यांनी मिळून पूर्ण वाचूया, आणि 11 वा मुलीलाच वाचायला द्या.