बंदुका हैतीच्या, आमंत्रण मात्र नाही

मागच्या अंकात आपण सिमोन बोलिव्हारवर दोन पानं दिली होती, व्हेनेझुएलापासून बोलिव्हियापर्यंत स्पेनला हाकलणारा माणूस म्हणून, आणि त्यात गुलामगिरीवर जेमतेम एक ओळ होती. सगळ्यात जास्त पत्रं आली ती त्या ओळीवरच. त्यातली काही इथे घेतोय, लांबलेले प्रश्न जरा आवरून.

प्रश्न: बोलिव्हार स्वातंत्र्याच्या एवढ्या गप्पा मारायचा आणि घरी गुलाम होते, म्हणजे ढोंगीच ना? आणि देश स्वतंत्र झाल्यावर लगेच गुलामगिरी का नाही गेली? (एक शिक्षिका, सांगली)

ताई, ढोंगी म्हटलं की विषय तिथेच संपतो, आणि खरी गंमत तर पुढे आहे. बोलिव्हार 1783 साली काराकासच्या अतिश्रीमंत घरात जन्मला, कोकोचे मळे, खाणी, आणि ते चालवायला गुलाम. 1811 मध्ये व्हेनेझुएलाने स्वातंत्र्य जाहीर केलं तेव्हा सही करणारे बरेचसे असेच मळेवाले होते. त्यांनी बाहेरून नवे गुलाम आणायला बंदी घातली, पण आधीपासून जे गुलाम होते ते तसेच ठेवले. आता तुम्हीच सांगा, मळ्यावरच्या गुलामाने या प्रजासत्ताकासाठी का लढायचं? नाहीच लढला. उलट बोव्हेस नावाचा एक स्पेनच्या बाजूचा सरदार होता, त्याच्या मागे गवताळ मैदानातले घोडेस्वार, मिश्र वंशाचे गरीब लोक, पळालेले गुलाम असे सगळे जमले आणि 1814 मध्ये त्यांनी बोलिव्हारचं दुसरं प्रजासत्ताक (पहिलं आधीच कोसळलं होतं) अक्षरशः तुडवलं. म्हणजे राजाच्या बाजूने गुलाम आणि स्वातंत्र्याच्या बाजूने मालक, असा उलटा मामला झाला होता.

मग बोलिव्हार पळाला, आधी जमैकाला आणि तिथून 1815 च्या शेवटी हैतीला. हैती म्हणजे गुलामांनी बंड करून फ्रान्सकडून हिसकावून घेतलेला देश, 1 जानेवारी 1804 ला स्वतंत्र. तिथला दक्षिण भागाचा अध्यक्ष अलेक्झांद्र पेत्यों. त्याने बोलिव्हारला बंदुका दिल्या, दारूगोळा दिला, एक छापखानाही दिला, आणि बदल्यात पैसे मागितले नाहीत. कंडिशन एकच, जिथे जिंकशील तिथले गुलाम मोकळे कर. पहिली मोहीम फसली, बोलिव्हार पुन्हा हात हलवत हैतीत आला तर पेत्योंने दुसऱ्यांदा मदत केली. असा माणूस इतिहासाच्या पुस्तकात तळटीपेत राहतो याचा मला वैयक्तिक राग आहे.

2 जून 1816 ला व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावरच्या कारुपानोमध्ये बोलिव्हारने शब्द पाळला, पण कसा ते बघा. स्वातंत्र्य मिळेल, मात्र 14 ते 60 वयाच्या पुरुषांनी सैन्यात यायचं, नाही आले तर ते आणि त्यांचं कुटुंब गुलामच. पुढे 1820 मध्ये त्याने आपला सहकारी सेनानी सान्तान्देर याला लिहिलेल्या पत्रात हिशोब अगदी उघड आहे, युद्धात फक्त स्वतंत्र लोकच मेले तर उरणार कोण, गुलामच ना! आता याला उदात्त म्हणायचं की थंड डोक्याचं ते ठरवा. मला दोन्ही वाटतं. त्याने स्वतःचे गुलाम मोकळे केले हेही खरं आहे आणि हे पत्रही खरं आहे.

आता लगेच का नाही गेली. 1821 ला कुकुताला नव्या देशाची, म्हणजे आजचा कोलंबिया, व्हेनेझुएला वगैरे मिळून झालेल्या ग्रान कोलंबियाची, काँग्रेस (घटना सभा) भरली, त्यात आले वकील, जमीनदार, खाणवाले. कायदा झाला की यापुढे गुलाम आईच्या पोटी जन्मेल ते मूल स्वतंत्र, पण 18 वर्षं आईच्या मालकाकडे राबायचं, का तर त्याने वाढवलं म्हणून. आईचं काय? ती तशीच. 1830 मध्ये व्हेनेझुएला वेगळा झाल्यावर ते 18 चं 21 केलं. बोलिव्हियासाठी बोलिव्हारने 1826 ला स्वतः राज्यघटनेचा मसुदा लिहिला, घटना जाहीर झाल्या दिवसापासून सगळे गुलाम मुक्त असं त्यात होतं, तर तिथल्या सभेने शेपूट जोडलं की मुक्त आहेत पण पुढचा कायदा होईपर्यंत मालकाचं घर सोडता येणार नाही. ज्या माणसाच्या नावावरून देशाचं नाव ठेवलं त्याचंच हे एवढं ऐकलं. व्हेनेझुएलात पूर्ण मुक्ती आली 1854 साली, बोलिव्हार जाऊन 24 वर्षं झाल्यावर, आणि त्यातही भरपाई ठरली मालकांना.

आणि 1826 मध्येच पनामाला त्याने नव्या अमेरिकन देशांची परिषद बोलावली, त्यात हैतीला आमंत्रणच नव्हतं.

प्रश्न: दोनशे वर्षांपूर्वीच्या लोकांना आजच्या फूटपट्टीने मोजणं बरोबर आहे का? तेव्हा सगळेच तसे होते. (वाचक, नागपूर)

सगळे म्हणजे कोण? गुलामांना तरी ते मान्य नव्हतं, आणि तेही त्याच काळातली माणसं होती की. ते सोडा, पुढारी घेऊ. मेक्सिकोत मिगेल हिदाल्गो नावाच्या पाद्र्याने 1810 च्या डिसेंबरमध्ये हुकूम काढला की दहा दिवसांत गुलाम सोडा नाहीतर मृत्युदंड. त्याला पुढच्याच वर्षी गोळ्या घातल्या ती गोष्ट वेगळी. 1829 मध्ये व्हिसेन्ते गेरेरो, ज्याच्या स्वतःच्या वंशात आफ्रिकन रक्त होतं, तो अध्यक्ष असताना मेक्सिकोने गुलामगिरी रद्द केली, आणि काही महिन्यांतच टेक्सासला सूट द्यावी लागली कारण तिथे अमेरिकेतून आलेले कापूसवाले बसले होते. ब्राझीलमध्ये जोझे बोनिफासिओ, राजा पेद्रोचा उजवा हात, त्याने 1823 मध्ये घटना समितीपुढे ठेवायला गुलामगिरी हळूहळू संपवायचा मसुदा लिहून तयार ठेवला होता. नोव्हेंबरात राजाने समितीच बरखास्त केली आणि याला देशाबाहेर काढलं. ब्राझीलला मुक्तीची तारीख मिळाली ती 13 मे 1888, स्वातंत्र्यानंतर 66 वर्षांनी, आणि पुढच्याच वर्षी राजेशाही कोसळली, कारण मळेवाल्यांनी तिच्या डोक्यावरचा हात काढला होता.

तेव्हा फूटपट्टी त्या काळातलीच आहे, मी काही नवीन आणलेली नाही.

पेरूचं मात्र सांगायलाच हवं. 1821 ला तिथला स्वातंत्र्यसेनानी सान मार्तिन याने तिथेही नव्या जन्मलेल्या मुलांना मुक्त म्हणून जाहीर केलं. 1839 मध्ये मालकाच्या ताब्यात राहायचं वय वाढवून पन्नास केलं! पन्नास! मग 1854 मध्ये अध्यक्ष एचेनिके आणि बंडखोर कास्तिया यांच्यात यादवी पेटली, दोघांनाही माणसं कमी पडायला लागली, एचेनिकेने जाहीर केलं माझ्या सैन्यात येणारा गुलाम मुक्त, तर महिनाभरात कास्तियाने जाहीर केलं सगळेच मुक्त. तीस वर्षं जे जमत नव्हतं ते असं झटक्यात जमलं, आणि मालकांना भरपाई गेली पक्ष्यांच्या विष्ठेच्या खताची निर्यात करून आलेल्या पैशातून. माझं मत विचाराल तर या सगळ्या खंडाचा गोषवारा तुम्हाला पेरूत सापडेल, पुढाऱ्याला शिपाई हवे असले की गुलाम माणूस होतो, युद्ध संपलं की परत वहीतली नोंद.

प्रश्न: हैतीत तर गुलामच राज्यकर्ते झाले, मग तिथे तरी नीट झालं असेल ना? (कॉलेज विद्यार्थी, लातूर)

गुलामगिरी परत आली नाही, हे आधी ठणकावून सांगतो, नेपोलियनने सैन्य पाठवूनही नाही. पण काम करणाऱ्यांचं म्हणाल तर... गुलामांच्या बंडाचा नेता तुसाँ लुव्हेर्त्यूर याच्या 1801 च्या घटनेत गुलामगिरी कायमची रद्द असं लिहिलंय आणि त्याच घटनेत मळ्यावरच्या मजुराने मळा सोडायचा नाही असाही बंदोबस्त आहे. साखर निर्यात केल्याशिवाय बंदुका येत नाहीत आणि बंदुका नसल्या तर फ्रान्स परत येतो, हा त्याचा हिशोब, चुकीचा म्हणता येत नाही. पण मजुराच्या बाजूने बघितलं तर कालपर्यंत शेजारच्या झोपडीत राहणारा माणूस आज लष्करी कोट घालून उसात परत जा म्हणतोय. लोक काय करत होते? डोंगरात जाऊन आपापला तुकडा कसत होते. 1826 मध्ये अध्यक्ष ब्वाये यांनी ग्रामीण संहिता काढून पुन्हा मजुरांना मळ्याला बांधायचा प्रयत्न केला, तोही फारसा चालला नाही.

ती संहिता आली का, तर 1825 मध्ये फ्रान्सच्या राजाने युद्धनौका पाठवून 15 कोटी फ्रँक मागितले, मळे आणि गुलाम गमावलेल्या मालकांची भरपाई म्हणून. तेव्हा कुठे मान्यता देतो म्हणाला. पुढे रक्कम कमी केली, पण फेडायला कर्ज काढावं लागलं ते फ्रान्समध्येच. मुक्त झालेल्यांनी स्वतःची किंमत मालकाला मोजायची! पेत्योंच्या देशाला हे बिल आलं त्याच्या पुढच्याच वर्षी तो पनामाचा कार्यक्रम झाला.

प्रश्न: हे सगळं जुनं झालं. आत्ताच्या काळातला देश सांगा. (वाचक, दुबई)

पश्चिम आफ्रिकेतला मॉरिटानिया. 28 नोव्हेंबर 1960 ला फ्रान्सपासून स्वतंत्र. फ्रेंचांनी कागदावर 1905 मध्येच बंदी घातलेली, पण वाळवंटातल्या सरदारांना दुखवायचं नाही म्हणून डोळेझाक. नव्या सरकारने घटनेत समता लिहिली आणि डोळेझाक तशीच चालू ठेवली, कारण सत्तेत आणि पुढे लष्करात वजन होतं ते मालक घराण्यांचंच. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या गुलामीत गेल्या त्या हरातीन लोकांनी 1978 मध्ये 'अल हुर' नावाची संघटना काढली, 1980 मध्ये एका बाईच्या विक्रीवरून निदर्शनं झाली, धरपकड झाली, बोभाटा बाहेर गेला, आणि 1981 मध्ये लष्करी राज्यकर्ते हैदल्ला यांनी गुलामगिरी रद्द केली. जगात सगळ्यात शेवटी. आता कायद्यात शिक्षा नव्हती, भरपाईची तरतूद होती, कोणाला ते तुम्हाला आता सांगायला नको. गुलाम ठेवणं हा गुन्हा झाला 2007 मध्ये आणि शिक्षा 20 वर्षांपर्यंत वाढली 2015 मध्ये. मधल्या काळात तुरुंगाच्या वाऱ्या जास्त करून गुलामगिरीला विरोध करणाऱ्यांनीच केल्या. त्यातले बिराम दाह अबेद, हरातीन घरातले, 2014, 2019 आणि 2024 अशा तिन्ही अध्यक्षीय निवडणुकांत दुसरे आले.

प्रश्न: आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर असं काही राहिलं नाही हे बरंच झालं म्हणायचं. की मी चुकतोय? आमच्याकडे वीटभट्टीवर कातकरी कुटुंबं उचल घेऊन येतात त्याला काय म्हणायचं? (वाचक, कर्जत)

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्याला उत्तर देतोय. घटनेच्या कलम 23 ने 1950 पासून वेठबिगारीला बंदी आहे. ती कायद्याने शिक्षापात्र असेल असंही लिहिलंय, पण देशभरासाठी तो कायदा कधी आला? 1975 च्या ऑक्टोबरात अध्यादेश, 1976 मध्ये कायदा, तोही आणीबाणीत वीस कलमी कार्यक्रमात. पंचवीस वर्षं का लागली याचं एक कारण मला तरी सरळ दिसतं, तालुक्यात पक्ष चालवणारा आणि सावकारी करणारा पुष्कळदा एकच माणूस होता. आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात तलासरी-उंबरगावकडे वारली लोकांनी शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेबरोबर 1945 पासूनच वेठ आणि लग्नगडी बंद पाडायला घेतली होती. लग्नगडी म्हणजे लग्नाला कर्ज घ्यायचं आणि मग नवरा-बायकोने सावकाराकडे राबत बसायचं. दिल्लीचा कायदा यायच्या तीस वर्षं आधी.

उचलीचं म्हणाल तर उचल घेणं हा स्वतःत गुन्हा नाही. पण तिच्यापायी काम सोडता येत नसेल, दुसरीकडे जाता येत नसेल, किमान वेतनाखाली राबावं लागत असेल तर मामला 1976 च्या कायद्यात येतो. किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच, हे सुप्रीम कोर्टाने 1982 मध्ये एशियाड बांधकामाच्या केसमध्ये सांगितलंय. कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मजुरावर नाही, पैसे देणाऱ्यावर आहे. तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांत यांच्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. चौकशीत वेठ ठरली तर मुक्ती प्रमाणपत्र मागून घ्या, कारण पुनर्वसनाचे पैसे त्याच्यावर अडतात, आणि तोवर भट्टीवाल्याने उचल फेडा म्हणून तगादा लावला तर ते कर्ज कायद्यानेच संपलेलं असतं हे त्याला तहसीलदारासमोर ऐकवा.