स्ट्रोकनंतर भरवताना: सगळ्यात आधी पाणी सांभाळा

स्ट्रोकनंतर (पक्षाघातानंतर) गिळणं बिघडलेल्या माणसाला घरी भरवायला नुकतीच सुरुवात करताय, तर एक गोष्ट मनाशी पक्की करा: मऊ भातापेक्षा साधं पाणी बऱ्याचदा जास्त धोक्याचं असतं. पातळ पदार्थ झरकन घसरतो आणि श्वासनलिका झाकली जाण्याआधीच तिच्यात उतरतो. ठसका लागला नाही म्हणजे ठीक, असं मुळीच समजू नका. घशाची संवेदना गेली असेल तर पाणी गुपचूप फुफ्फुसात जातं. घोटानंतर ‘आ’ म्हणायला लावा. आवाज ओलसर, घरघरता आला तर थांबा आणि खोकायला सांगा.

गिळण्याच्या थेरपिस्टने पाण्याचा घट्टपणा ठरवून दिला असेल तर तो नजरेने जोखू नका. दट्ट्या काढलेली 10 मिलीची सिरिंज (0 ते 10 खुणांची लांबी 61.5 मिमी) टोकावर बोट धरून घट्ट केलेल्या पाण्याने भरा, मग बोट काढून 10 सेकंद वाहू द्या. 4 ते 8 मिली उरलं तर ती पातळी 2 (IDDSI या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीतला ‘थोडा घट्ट’ द्रव). कॉर्नफ्लोअरचा घट्टपणा लाळेने मोडतो, म्हणून झँथन गमचं थिकनर (पाणी घट्ट करायची पूड) बरं.

पेशंट पेंगत असेल तर भरवूच नका. ताठ बसवा, छोटा चमचा, घास चांगल्या बाजूने. गिळताना हनुवटी खाली घेणं सगळ्यांना चालत नाही, थेरपिस्टला विचारूनच करा. आमटी-भात, मिसळ टाळा: पातळ आणि घट्ट एकत्र सांभाळणं फार अवघड.

जेवणानंतर लुळ्या गालात टॉर्च मारून बघा, तिथे घास साठतो. तोंड स्वच्छ करा, कारण न्यूमोनियाचे जंतू तिथलेच. अर्धा तास आडवं करू नका. ताप किंवा धाप लागली तर लगेच डॉक्टर.