उपग्रहाला कॅमेरा दिसतो का?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहतो. त्याच्या गाडीतील एक छोटे यंत्र, वेग मोजणारा कॅमेरा येण्यापूर्वीच आवाज करून सावध करते. ते उपग्रहावर चालते म्हणे. उपग्रहाला रस्त्याकडेचा कॅमेरा दिसतो का? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अशा यंत्राचा उपयोग होईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : उपग्रहाला कॅमेरा दिसत नाही, आणि आपल्या मुलाची गाडीही दिसत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून स्वतःचे स्थान आणि अचूक वेळ सांगणारे रेडिओ संदेश अखंड पाठवीत असतात. गाडीतील यंत्र ते केवळ ग्रहण करते. उलट काहीही पाठवीत नाही. संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळावरून प्रत्येक उपग्रहाचे अंतर निघते. यंत्रातील साध्या घड्याळाची चूक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढी असली, तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. म्हणून ही चूक शोधण्यासाठी तीनऐवजी किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात.

कॅमेऱ्यांची माहिती असते ती यंत्रात साठवलेल्या यादीत. प्रत्येक कॅमेऱ्याचे अक्षांश-रेखांश, तेथील वेगमर्यादा आणि तो कोणत्या दिशेच्या वाहनांवर रोखलेला आहे, हे त्या यादीत नोंदवलेले असते. यंत्र गाडीचे स्थान, वेग आणि दिशा या नोंदींशी सतत ताडून पाहते आणि कॅमेरा ठरावीक अंतरावर आला की इशारा देते. त्यामुळे यादी जुनी झाली की यंत्रही निकामी झाले असे समजावे. नव्याने बसवलेला कॅमेरा किंवा पोलिसांच्या हातातील स्पीडगन त्याला कळत नाही. उड्डाणपुलाखालच्या रस्त्यावरून जाताना पुलावरच्या कॅमेऱ्याचा इशाराही ते देऊ शकते. वेग मोजणाऱ्या उपकरणातून निघणाऱ्या रडार लहरी टिपून सावध करणारी यंत्रे याहून अगदी वेगळी आहेत.

मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराचे जीपीएस संदेश मुद्दाम कमी अचूक ठेवीत असे आणि स्थानात १०० मीटरपर्यंत चूक येई. ते बंधन उठल्यावरच अशी यंत्रे खऱ्या अर्थाने उपयोगी ठरली. ब्रिटनमध्ये ती कायदेशीर आहेत; मात्र आपला मुलगा गाडी घेऊन फ्रान्सला जाणार असेल, तर तेथे २०१२ पासून कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगणाऱ्या यंत्रांना बंदी आहे, हे त्याला अवश्य सांगावे. जर्मनीतही गाडी चालवताना असा इशारा देणारे मोबाइल ॲप वापरण्यास चालकाला मनाई आहे.

द्रुतगती मार्गावर २०२४ पासून सुरू झालेल्या वाहतूक व्यवस्थापन यंत्रणेत, एका जागच्या वेगाबरोबरच दोन ठिकाणांमधील सरासरी वेगही मोजला जातो. ताशी १०० किलोमीटरच्या मर्यादेत १० किलोमीटर अंतराला किमान ६ मिनिटे लागतात. कोणी ते ५ मिनिटांत पार केले, तर त्याचा सरासरी वेग १२० होतो, मग कॅमेऱ्यासमोर त्याने कितीही ब्रेक लावलेला असो. इशारा ऐकून क्षणभर वेग कमी करणाऱ्याला तेथे यंत्राचा काहीही लाभ नाही, आणि आमच्या मते हे अतिशय योग्य आहे, कारण असा अचानक लावलेला ब्रेक मागून येणाऱ्या गाडीच्या जिवावर बेततो. घाटात कारची मर्यादा १०० वरून बरीच खाली येते, हे चालकाच्या अनेकदा ध्यानात येत नाही. ती बदललेली मर्यादा वेळेवर सांगण्यापुरता या यंत्राचा उपयोग आपल्याला निश्चित होईल, मात्र बोगद्यात उपग्रहाचे संदेश मिळत नसल्याने तेथे रस्त्याकडेच्या फलकावरच विसंबावे.